यादीबाहेरची डिस्क

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे, स्नेहसंमेलनांच्या निमंत्रणपत्रिका आणि वसतिगृहाच्या आरंभीच्या वर्षांतील हजेरीपटांची पाने गोळा करण्याचे काम शाळेने आमच्याकडे सोपविले. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, एवढेच त्यामागचे कारण नव्हते. आमच्या डोंबिवलीच्या घरात, पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या खणात, एक लहानशी काळी पेटी गेली काही वर्षे रात्रंदिवस चालू असते, हे शाळेतील बहुतेकांना ठाऊक आहे. त्या पेटीत काय काय मावते याविषयी सहकाऱ्यांच्या मनात अवास्तव कल्पना आहेत. ती केव्हा आणि कशी दगा देते याविषयी मात्र त्यांना काहीच कल्पना नाही. गेल्या वर्षभरात या पेटीने आम्हाला दोन धडे दिले. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आता अशी पेटी आली आहे अथवा येऊ घातली आहे, म्हणून ते सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम पेटीचा परिचय. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नॅस’ म्हणतात. घरातील वायफायच्या राउटरला जोडलेला हा एक छोटा संगणकच असतो; त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो, फक्त हार्ड डिस्क बसविण्याचे दोन वा चार कप्पे असतात. घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमधील वा लॅपटॉपमधील छायाचित्रे, कागदपत्रे, ध्वनिमुद्रणे तिच्यात आपोआप जाऊन पडतात. आमच्या पेटीला दोन कप्पे आहेत आणि दोन्हींतील डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक डिस्क गेली तर दुसरी असतेच. कारकुनाने एकच नोंद दोन वह्यांत करावी, तशी ही व्यवस्था आहे. दोन्ही वह्या एकाच कपाटात असतात, ही त्यातील उणीव. तिच्याकडे पुढे येऊ.

हा उद्योग आम्ही का आरंभिला, हेही सांगितले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा वाचकांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी उल्हास आणि वालधुनी यांचे पाणी बदलापूरपासून कल्याणपर्यंत वस्त्यांत शिरले. आम्ही तेव्हा कल्याणला तळमजल्यावर राहत होतो. पलंगाखालच्या ट्रंकेत आमच्या वडिलांची कागदपत्रे, आमचे विद्यार्थिदशेतील गटफोटो आणि गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा छायाचित्रे एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. इतिहासाच्या शिक्षकाने साधनांचे महत्त्व वर्गात सांगावे आणि स्वतःच्या घरातील साधने जमिनीपासून सहा इंचांवर ठेवावीत, यापेक्षा लाजिरवाणे काय असू शकते? तेव्हापासून जे हाती लागेल त्याची स्कॅनरवर प्रत काढून ठेवण्याची सवय आम्ही लावून घेतली. आधी सीडी, मग बाहेरून जोडायच्या डिस्क, आणि शेवटी ही पेटी.

आता मूळ विषयाकडे वळतो.

मागल्या वर्षावासाच्या काळात, ऐन पावसात, पेटीने मध्यरात्री बीप द्यायला सुरुवात केली. दोनपैकी एक डिस्क निकामी झाली होती. दुसरी चालू होती, त्यामुळे मजकूर शाबूत होता. पण आता तो एकाच पायावर उभा होता. पेटी बनविणाऱ्या कंपनीने ‘चालतील अशा’ डिस्कची एक यादी प्रसिद्ध केलेली असते. त्या यादीतील आम्हाला हवी ती डिस्क मागविली, तर ती यायला दोन आठवडे लागतील असे समजले. शिवाय किंमत ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी जो चेहरा केला, तो येथे वर्णन करीत नाही. आमचे एक माजी विद्यार्थी कल्याणला राहतात आणि कार्यालयांतील संगणकजाळी उभारण्याचा व्यवसाय करतात. ते म्हणाले, “सर, यादीत नाही म्हणजे चालत नाही असं नाही. पण यादीत का नाही, ते आधी बघू या.”

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते की कोणताही दस्तऐवज हाती आला म्हणजे तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात काय लिहिलेले नाही, हे विचारावे. कंपनीची यादी हाही एक दस्तऐवजच आहे. तिच्या संदर्भात ‘असमर्थित’ हा जो शब्द वापरला जातो, त्याच्या पोटात तीन निरनिराळे अर्थ दडलेले आहेत. पहिला अर्थ : ही डिस्क आम्ही तपासून पाहिलेली नाही. दुसरा : ती बसवून काही बिघडले, तर आम्ही मदतीला येणार नाही. तिसरा : ही डिस्क बसविली तर आमची पेटी ती स्वीकारणारच नाही, तशी तजवीज आम्ही केलेली आहे. पहिला अर्थ केवळ मौनाचा आहे, दुसरा कराराचा आहे आणि तिसरा सत्तेचा. तिन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे ग्राहक पहिल्यालाच तिसरा समजून घाबरतो.

तिसरा अर्थ काल्पनिक नाही. तैवानची सिनॉलॉजी ही या क्षेत्रातील नावाजलेली कंपनी. एप्रिल २०२५ मध्ये तिने जाहीर केले की त्या वर्षीच्या ‘प्लस’ मालिकेतील नव्या पेट्यांना कंपनीच्या स्वतःच्या नावाच्या अथवा तिने प्रमाणित केलेल्याच डिस्क लागतील. अन्य डिस्क घालून या पेट्यांत नवा साठा उभारता येईना. गंमत अशी की सिनॉलॉजी स्वतः डिस्क बनवीत नाही. तोशिबा आणि सीगेट यांच्यासारख्या उत्पादकांकडून बनवून घेतलेल्या डिस्कवर ती आपली चिठ्ठी आणि आपले आज्ञासूत्र चढविते. ग्राहकांनी जगभर नापसंती व्यक्त केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, डीएसएम ७.३ या नव्या आवृत्तीबरोबर, कंपनीने साध्या हार्ड डिस्क आणि अडीच इंची एसएसडी यांच्यापुरती ही अट मागे घेतली. एम.२ प्रकारच्या चपट्या एसएसडींसाठी यादीचा आग्रह तसाच राहिला. सहा महिन्यांत ज्या डिस्क ‘अयोग्य’च्या ‘योग्य’ झाल्या, त्यांच्या आतील एक खिळाही या काळात बदललेला नव्हता. यादीत नाव नसणे म्हणजे लायकी नसणे नव्हे, हे आमच्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु यादीबाहेरचे ते सर्व चांगले, हा निष्कर्षही तितकाच आळशी आहे.

यादीबाहेरच्या डिस्कवर मोठा डोलारा उभा राहू शकतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये महापूर आला. जगातील हार्ड डिस्कच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा तेथे होत असल्यामुळे काही आठवड्यांत किमती दुपटीहून अधिक वाढल्या. अमेरिकेतील बॅकब्लेझ ही कंपनी लोकांचा मजकूर सांभाळण्याचा व्यवसाय करते. तिला रोज नव्या डिस्क लागत. घाऊक बाजारात मिळेनात, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या आप्तमित्रांनी किरकोळ दुकानांत मिळणाऱ्या, यूएसबीने जोडायच्या डिस्क विकत घेतल्या, त्यांची प्लॅस्टिकची कवचे उकलली आणि आतील डिस्क आपल्या सर्व्हरांत बसविल्या. घरगुती वापराच्या या डिस्क दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रांसाठी नव्हत्याच. तरीही काम निभावले. २०१३ मध्ये याच कंपनीने आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा तिच्याकडील महागड्या व्यावसायिक डिस्क साध्या डिस्कपेक्षा कमी बिघडल्या असे दिसले नाही. आपल्याकडे मात्र हे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. बॅकब्लेझची सारी व्यवस्थाच डिस्क मरणार हे गृहीत धरून बांधलेली होती. एक मेली तर दुसरी लावायला माणूस हजर असे. घरातील दोन कप्प्यांच्या पेटीचा हिशेब निराळा.

म्हणून यादीकडे पाठ फिरवायची असेल, तर तिने जे तपासले असते ते स्वतः तपासावे लागते. येथे दोन गोष्टी खरोखर महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे लिहिण्याची रीत. अलीकडच्या काही स्वस्त डिस्कमध्ये मजकुराच्या रांगा एकमेकींवर अंशतः चढवून लिहिल्या जातात, म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक मावते. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. वाचकांनी कौलारू छपराची कल्पना करावी. वरचे कौल खालच्याच्या कडेवर टेकलेले असते. मधले एक कौल बदलायचे तर त्यावरची ओळ उचलावी लागते. अशा डिस्कवर एकदा लिहून ठेवायला काहीच अडचण नाही. पण निकामी डिस्कच्या जागी नवी बसविली की पेटी जुनीवरचा सगळा मजकूर नवीवर सलग उतरवू लागते, आणि तेव्हा या कौलांची उचलठेव संपता संपत नाही. २०२० मध्ये असे उघडकीस आले की वेस्टर्न डिजिटलने खास नॅससाठी म्हणून विकलेल्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क याच पद्धतीच्या होत्या आणि ते वेष्टनावर कोठेही लिहिलेले नव्हते. सर्व्ह द होम या तंत्रविषयक प्रकाशनाने त्यांतील ४ टेराबाइटची डिस्क तपासली; इतर डिस्कना जे काम एका दिवसाच्या आत जमले, त्यासाठी तिला नऊ दिवसांहून अधिक लागले. पुढे कंपनीने जुन्या पद्धतीच्या डिस्कना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले. म्हणजे नॅससाठीच म्हणून विकलेली डिस्कही गैरसोयीची निघू शकते. वेष्टनावरील विशेषणे न वाचता डिस्कचा पूर्ण क्रमांक घ्यावा आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकात लेखनपद्धतीच्या रकान्यासमोर ‘सीएमआर’ असे लिहिले आहे की नाही, ते पाहावे. आम्हाला हे पाहायला पाच मिनिटे लागली.

दुसरी गोष्ट डिस्कच्या हट्टीपणाची. एखादा भाग वाचता येत नसेल तर साधी डिस्क पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते, कधीकधी मिनिटभर वा त्याहूनही अधिक. एकट्या संगणकात हा चिवटपणा गुण ठरतो, कारण तेथे दुसरी प्रत नसते. नॅसमध्ये मात्र शेजारच्या कप्प्यात तोच मजकूर तयार असतो. अशा वेळी डिस्कने लवकर हार मानून ‘मला वाचता येत नाही’ असे सांगणे शहाणपणाचे. नॅससाठीच्या डिस्क साधारण सात सेकंदांत तसे सांगतात. हट्टी डिस्क गप्प बसली की पेटीची समजूत होते की ती मेली, आणि चांगली डिस्कही फळीबाहेर काढली जाते. लिनक्सवर चालणाऱ्या पेट्यांत ही वाट पाहण्याची मुदत सामान्यतः तीस सेकंदांची असते.

आपल्या भागातील एक विशेष येथे नमूद करतो. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या दारावर आता कॅमेरे आहेत. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात नॅसची डिस्क मिळो न मिळो, कॅमेऱ्यांच्या चित्रणासाठीची डिस्क हमखास मिळते : वेस्टर्न डिजिटलची ‘पर्पल’ वा सीगेटची ‘स्कायहॉक’. ती चालेल का, हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. चालते. ती दिवसरात्र फिरण्यासाठीच बनविलेली असते. तिचा कल अखंड लिहिण्याकडे आहे, इकडेतिकडे उड्या मारून वाचण्याकडे नाही, म्हणून ती किंचित मंद वाटेल. लेखनपद्धतीचा रकाना तिच्याही बाबतीत पाहावाच. जुनी साध्या डेस्कटॉपची डिस्क घालण्यापेक्षा आम्ही ही घालू.

आम्ही अखेर डोंबिवलीहून जलद लोकल पकडून दादरला उतरलो, पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठले आणि लॅमिंग्टन रोडवरून सीएमआर पद्धतीची, नॅससाठीचीच, परंतु आमच्या पेटीच्या यादीत नसलेली एक डिस्क आणली. (त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, हे विद्यार्थ्यांना सांगावे. दुकानदाराला सांगून उपयोग नाही.) परतीच्या गर्दीत ती मांडीवर, टॉवेलात गुंडाळून धरली होती. जुन्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जाण्याची भीती केवळ आपल्याच बाजारात आहे, असे मात्र कोणी समजू नये. २०२५ च्या आरंभी जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. त्यांचे वापराचे तास दर्शविणारा हिशेब शून्यावर आणून ठेवलेला होता. डिस्कच्या आतील फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदवहीत खरे तास सापडले, म्हणून चोरी पकडली गेली. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी दुकानातच डिस्कचा अनुक्रमांक उत्पादकाच्या हमीच्या पानावर घालून मुदत तपासली. घरी आल्यावर दोन्ही नोंदवह्या जुळवून पाहिल्या आणि डिस्कची स्वतःची दीर्घ चाचणी रात्रभर चालविली. सकाळी पाचव्या आणि एकशे सत्त्याण्णवाव्या क्रमांकाच्या नोंदीसमोर शून्य होते. पाचवी नोंद खराब म्हणून बाजूला काढलेल्या जागांची, एकशे सत्त्याण्णवावी संशयित जागांची. हे दोन आकडे शून्य राहिले पाहिजेत, एवढे ध्यानात ठेवले तरी घरगुती वापरास पुरे. एकशे नव्व्याण्णवावा आकडा वाढत असेल, तर बहुधा डिस्क निर्दोष असते आणि जोडणी सैल असते.

डिस्क बसविली. पडद्यावर पिवळा इशारा आला की ही डिस्क यादीत नाही. तो आजही येतो. डिस्क मात्र उत्तम चालली आहे.

या यशाने आम्ही धीट झालो, आणि तेथेच चुकलो.

छायाचित्रांची संख्या वाढली तशी पेटी मंदावली होती. तिच्यात दोन गिगाबाइटची रॅम होती, म्हणजे काम करताना हाताशी ठेवायची जागा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुट्टीत आम्ही एका दुकानातून, जुन्या लॅपटॉपमधून काढलेली आठ गिगाबाइटची रॅमपट्टी स्वस्तात घेतली. यादी तर आम्ही डिस्कच्या वेळी मोडून काढलीच होती! पट्टी खाचेत बसली, पेटी सुरू झाली, वेगही वाढला. या वेळी कोणतीही चाचणी केली नाही.

यादीबाहेरची रॅम चालते, यात शंका नाही. सिनॉलॉजीच्या डीएस ९२०+ या पेटीला कंपनी एकूण आठच गिगाबाइट मान्य करते आणि तिच्यातील सेलेरॉन जे४१२५ या प्रक्रियकासाठी इंटेलही तेवढीच मर्यादा छापते. तरीही जगभर असंख्य लोकांनी त्यात सोळा गिगाबाइटची पट्टी सुखरूप चालविली आहे. पट्टीची जात जुळणे मात्र आवश्यक असते. डीडीआर३च्या काळात एकाच मापाच्या पट्ट्या १.५ आणि १.३५ अशा दोन व्होल्टच्या निघाल्या; कमी व्होल्टच्या पेटीत जास्त व्होल्टची पट्टी घातली तर ती सुरू होत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे कधी सुरू होते, कधी नाही. चुका आपण होऊन दुरुस्त करणारी ईसीसी पट्टी काही पेट्यांना लागते, काहींना ती समजतच नाही. हे सगळे माहितीपत्रकावरून कळते. पट्टी आतून निरोगी आहे की नाही, ते कोणतेही पत्रक सांगत नाही, आणि यादीही सांगत नाही.

आता डिस्क आणि रॅम यांच्या मरणातील फरक पाहावा. डिस्क मरते तेव्हा बोंब ठोकते. पेटी बीप देते, दिवा लाल होतो, शेजारची डिस्क भार उचलते. रॅम चुकते तेव्हा कोणालाच कळत नाही. लॅपटॉपवरून निघालेले छायाचित्र डिस्कवर पोहोचण्याआधी क्षणभर रॅममध्ये थांबते. त्या क्षणात एका शून्याचा एक झाला, तर तो चुकीचा एकच खरा समजून दोन्ही डिस्कवर इमानेइतबारे लिहिला जातो. दोन वह्यांत नोंद करणारा कारकूनच चुकीचे ऐकत असेल, तर दोन्ही वह्या तंतोतंत जुळतील आणि दोन्ही चुकीच्या असतील. असे क्वचितच घडते असेही नाही. गूगलने आपल्या सर्व्हरांतील रॅमच्या अडीच वर्षांच्या नोंदी बियांका श्रोडर या संशोधिकेबरोबर तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध केल्या. दर वर्षी शंभरातील आठांहून अधिक पट्ट्यांत किमान एक चूक आढळली होती. त्या पट्ट्या ईसीसी होत्या, म्हणून चुका नोंदल्या तरी गेल्या. आमच्या पट्टीला तोंडच नव्हते.

फेब्रुवारीत स्मरणिकेसाठी छायाचित्रे निवडताना एक उघडले, तर वरचा तिसरा हिस्सा स्वच्छ आणि खाली नुसता करडा पट्टा. मग दुसरे तसेच. आकुंचित करून साठविलेल्या छायाचित्रात एक अंक जरी बदलला, तरी त्यापुढचा भाग उलगडता येत नाही. न आकुंचिता ठेवले असते तर कदाचित एखादा ठिपकाच बिघडला असता. सुदैवाने कल्याणच्या त्याच माजी विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून आम्ही स्कॅन करतेवेळीच, लॅपटॉपवर, प्रत्येक फाइलचा गणिती ठसा काढून यादी करून ठेवली होती. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी हा ठसा पूर्ण बदलतो. पेटीतील फाइलींचे ठसे नव्याने काढून जुन्या यादीशी ताडून पाहिले. सुमारे साडेतीन हजारांपैकी अकरा जुळेनात. अकराही त्या सुट्टीनंतर पेटीत गेलेल्या होत्या. रॅमपट्टी काढून एका जुन्या लॅपटॉपमध्ये घातली आणि मेमटेस्ट ही मोफत चाचणी रात्रभर चालविली. पहाटेपर्यंत पडद्यावर चुकांच्या लाल ओळी उमटल्या होत्या. हीच चाचणी ऑक्टोबरमध्ये केली असती तर एक रात्र गेली असती, एवढेच.

यादीबाहेरच्या ज्या डिस्कची आम्हाला धास्ती होती ती निर्दोष होती. जिच्याविषयी विचारही केला नाही त्या पट्टीने घात केला. आज कोणी विचारले तर आमचे मत असे : यादीबाहेरची डिस्क तपासून, निर्धास्तपणे घ्यावी, तिच्या चुकीला शेजारची डिस्क पुरून उरते. रॅमच्या बाबतीत कंजुषी करू नये. नवी, नामांकित उत्पादकाची, पेटीच्या माहितीपत्रकाशी व्होल्टेजसकट जुळणारी पट्टी घ्यावी, यादीत नसली तरी चालेल. पण एक पूर्ण रात्र चाचणी झाल्याशिवाय तिच्यामधून एकही छायाचित्र जाऊ देऊ नये. मूळ पट्टी जपून ठेवावी, कारण मदत मागितली तर कंपनी प्रथम तीच परत बसवायला सांगते.

ज्यांना या कंपन्यांच्या याद्यांचाच कंटाळा आला असेल, त्यांच्यासाठी जुन्या कार्यालयीन संगणकावर ट्रूनॅस वा ओपनमीडियाव्हॉल्ट यांपैकी एखादी मोफत प्रणाली चढवून घरीच नॅस करता येते. तेथे यादीच नसते. अर्थात तक्रार करायला दारही नसते. वीज अधिक खाते, जागा अधिक लागते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा, पालकांनी पंख्याच्या आवाजाची तयारी ठेवावी.

विजेवरून आठवले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई काळोखात गेली होती. लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्क यादीतील असो वा नसो, मजकूर अर्धवट राहतो. पेटीला लहानसा यूपीएस जोडावा आणि त्याची यूएसबी तारही पेटीत खोचावी, म्हणजे वीज गेल्यावर पेटी आपण होऊन नीट बंद होते. बहुतेक घरांत यूपीएस असतो, ती तार मात्र खोक्यातच राहिलेली असते.

आता एकाच कपाटातील दोन वह्यांची गोष्ट. आमची थोरली कन्या ठाण्याला राहते. तिच्या कपाटात आमची एक डिस्क असते आणि दर महिन्याला आम्ही ती लोकलने घरी आणून नवा मजकूर चढवून परत देतो. डोंबिवलीत राहणाऱ्याला पुराइतकीच औद्योगिक वसाहतीचीही आठवण ठेवावी लागते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी तेथील कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या. पण ही ठाण्याची प्रत आम्हाला त्या अकरा छायाचित्रांत उपयोगी पडली नाही. कारण महिन्यागणिक आम्ही जुन्यावर नवे चढवीत होतो, आणि बिघडलेली छायाचित्रेही निष्ठेने ठाण्याला पोहोचली होती. आता दोन डिस्क आळीपाळीने जातात आणि चढविण्याआधी ठसे जुळवून पाहिले जातात. लॅपटॉपवरील मूळ स्कॅनही सहा महिने पुसत नाही.

अकरांपैकी नऊ छायाचित्रे आम्ही पुन्हा मिळविली. ज्यांची होती त्यांनी अल्बम पुन्हा काढून दिले, एका माजी विद्यार्थिनींनी तर अंबरनाथहून स्वतः आणून दिले. उरलेली दोन कल्याण पूर्वेतील एका कुटुंबाची होती. आम्ही स्कॅन करून अल्बम परत दिल्यानंतर त्यांची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली, आणि सामान हलविताना अल्बम गहाळ झाला. पहिल्यात वसतिगृहाच्या अंगणातील सहभोजनाची पंगत आहे. तिच्यात फक्त मागची भिंत आणि झाडाचा शेंडा उरला आहे. दुसऱ्यात जुन्या पत्र्याच्या स्वयंपाकघरासमोर उभ्या असलेल्या आपल्या स्वयंपाकाच्या मावशी आहेत. पत्रे दिसतात, धुराडे दिसते, त्याखाली करडा पट्टा. मावशींचे दुसरे एकही छायाचित्र शाळेकडे नाही. त्या वर्षांत वसतिगृहात राहिलेल्या कोणाकडे याची प्रत असेल, वा त्या कोपऱ्यात कोठे उभ्या असलेल्या मावशी दिसतील असा दुसरा कोणताही फोटो असेल, तर शाळेच्या कार्यालयात आणून द्यावा. स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ.